अडलेल्याचा फोन

नोकरी सांभाळून जमिनीचा धंदा करू पाहणाऱ्यांना हल्ली एक शिकवण सर्रास दिली जाते. विकणाऱ्याचा फोन आला की आधी त्याची नड काढून घ्या. पैसे कशाला हवेत, कधीपर्यंत हवेत, आणखी कोणाशी बोलणं झालंय का, हे पहिल्या दोन मिनिटांत विचारा. भाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या, आपला आकडा शेवटपर्यंत सांगू नका. नड नसेल तर फोन ठेवा, कारण तुमच्याकडे वेळ थोडा आहे. नड असेल तर त्याच आठवड्यात विसार देऊन जमीन बांधून टाका. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांतून हे शिकून आलेली माणसं पालघरकडे सफाळ्यात, केळव्यात, वरई फाट्याच्या रस्त्याला ‘जमीन विकत घेणे आहे’ अशा पाट्या लावून जातात. खाली मोबाइल नंबर असतो, नाव बहुधा नसतं.

ही शिकवण अन्यायाची आहे आणि धंदा म्हणूनही ती चुकीची आहे. पहिल्या फोनवर नड विचारायची नसते, सातबारा विचारायचा असतो. आणि त्या सातबाराबद्दल आपल्याला जे कळलं ते विकणाऱ्यापासून लपवायचं नसतं. जमिनीचे कागद वाचून देणं हे माझं काम आहे, त्यामुळे या फोनांचं पुढे काय होतं ते मला जवळून दिसतं.

फोन वाढलेत, यात वाद नाही. १६ एप्रिल २०१३ ला विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि सफाळं मुंबईच्या नोकरदाराच्या आवाक्यात आलं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. बुलेट ट्रेनचं एक स्थानक विरारला, एक बोईसरला. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, त्या प्रकल्पाचा खर्चच ७६ हजार कोटींच्या वर आहे. विरारहून जलसारला आता रो-रो बोट येते. यातल्या प्रत्येक बातमीनंतर पाट्या वाढल्या आणि पाट्यांबरोबर फोनही. घेणारा वसई-बोरिवलीला राहून हापिसात जाणारा, विकणारा एडवण, माकुणसार, विराथन, कपासे असल्या गावातला. दोघांची ओळख नाही, मधे फक्त फोन. म्हणून तो पहिला फोन कसा होतो याला महत्त्व आहे.

असा एक फोन मी समोर बसून ऐकला. घेणारे गृहस्थ सुटीच्या दिवशी दुसऱ्याच एका जमिनीचे कागद दाखवायला आले होते. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

‘दादा, रस्त्यावरची पाटी वाचून फोन केलाय. जमीन द्यायची आहे.’

‘बोला मावशी. पैशांची घाई आहे का?’

‘घाई म्हणजे... यांना जाऊन वर्ष झालं. पोरानं रिक्षासाठी कर्ज काढलंय, त्याचे हप्ते थकलेत.’

‘किती थकलेत?’

बाईंनी आकडा सांगितला.

‘तारीख दिलीय का त्यांनी?’

‘महिनाअखेर गाडी ओढून नेतो म्हणतात.’

‘दुसऱ्या कोणाला विचारलंय जमिनीचं?’

‘नाही हो. दिरालासुद्धा सांगितलं नाही अजून.’

वहीत तीन ओळी उतरल्या: थकबाकी, महिनाअखेर, कोणालाच विचारलेलं नाही. गावाचं नाव निम्मं ऐकलं गेलं, गट नंबर विचारलाच नाही. शिकवणीच्या हिशेबात हा फोन अव्वल ठरला असता.

पुढे कागद माझ्याकडे आले. एक एकर जमीन, म्हणजे ४० गुंठे. सातबारावर चार नावं सामाईक: बाईंचे वारलेले यजमान, एक दीर आणि दोन नणंदा. यजमानांच्या पश्चात वारस नोंद झालेली नव्हती, म्हणजे बाईंचं नावच सातबारावर नव्हतं. इतर हक्कात नोंद होती: ‘कुळकायदा कलम ४३ ला पात्र.’ कसेल त्याची जमीन झाली तेव्हा सासऱ्यांना कूळ म्हणून मिळालेली ही जमीन. अशी जमीन विकायला पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीच लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून ते बंधन सुटतं. पण ती प्रक्रिया करावी लागते. थोडक्यात, महिनाअखेरपर्यंत त्या जमिनीचं कायदेशीर खरेदीखत होणं शक्यच नव्हतं. नड काढून घेण्यात दाखवलेलं सगळं कौशल्य वाया गेलं होतं. गट नंबर विचारला असता तर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर मिळाला असता आणि हे सगळं चहा निवायच्या आत कळलं असतं.

मग ‘वेळ नाही म्हणून नड आधी विचारतो’ हे म्हणणं टिकत नाही. नड ऐकून घ्यायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात सातबारा दिसतो. ज्याच्याकडे खरोखरच वेळ थोडा आहे त्याने आधी कागद बघायला हवा, कारण इथल्या बहुतेक जमिनी अडतात त्या कागदावर. नड आधी विचारण्यामागचं कारण वेगळं आहे, आणि ते शिकवणारे उघड सांगतातही: अडलेला माणूस कमी भावाला तयार होतो.

त्याच कागदांत आणखी एक गोष्ट निघाली. सासऱ्यांना तीन मुलगे, दोन मुली. मुळात पाच सारखे हिस्से. त्यातल्या एका दिराने बऱ्याच वर्षांपूर्वी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा बाईंच्या यजमानांच्या नावे सोडला होता. म्हणून सातबारावर पाचाऐवजी चार नावं. बाईंचा समज असा की चार नावं म्हणजे आपला चौथा हिस्सा, दहा गुंठे. फेरफार सांगत होता की तो पाचातले दोन, म्हणजे सोळा गुंठे आहे, बाईंचा आणि त्यांच्या मुलांचा मिळून. घेणाऱ्यांचा बेत आधी बाईंचा हिस्सा घ्यायचा आणि मग बाकीच्यांना गाठायचं असा होता. त्यांनी मला विचारलं, हे बाईंना सांगायलाच हवं का?

सांगायलाच हवं, आणि हे माझं मत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची कर्तव्यं जशी दिलीत तशी घेणाऱ्याचीही दिलीत. विकणाऱ्याच्या हक्काचं स्वरूप किंवा व्याप्ती यांबद्दल एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल, विकणाऱ्याला ती माहीत नाही असं मानायला कारण असेल, आणि त्या गोष्टीने त्या हक्काचं मोल बरंच वाढत असेल, तर ती सांगणं घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं हे कायद्याच्या नजरेत कपट आहे. कलम एवढ्यापुरतंच आहे. बंदर येणार, रस्ता रुंद होणार, अशा बाहेरच्या बातम्या त्यात येत नाहीत. पण हिस्सा किती, हक्क कसला, हे त्यात नक्की येतं. ‘आपल्याला ठाऊक आहे ते बोलू नका’ असं शिकवणाऱ्यांनी हे कलम एकदा आपल्या शिष्यांना वाचून दाखवावं.

बाईंना ते सांगितलं गेलं. जमीन विकायची की नाही हा पुढे त्यांच्या घरचा प्रश्न झाला. अजून तरी विकलेली नाही.

आता समोरच्या बाजूचे युक्तिवाद घेऊ, कारण ते पोकळ नाहीत. पहिला असा की विकणारा सज्ञान आहे, त्याने आपण होऊन फोन केला, आम्ही कोणाच्या दारात गेलो नाही. बरोबर आहे. पण सज्ञान माणसाच्या संमतीलाही कायद्याने अटी घातल्यात. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १६ सांगतं की वय, आजारपण किंवा मानसिक-शारीरिक क्लेशामुळे ज्याची विचारशक्ती तात्पुरती का होईना बाधित झाली आहे, त्याच्याशी करार करणारा त्याच्यावर वरचढ स्थितीत असतो. त्या स्थितीतून झालेला व्यवहार उघडउघड अन्याय्य दिसला, तर आपण गैरफायदा घेतला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या वरचढ माणसावर येते. आज कित्येकांच्या मोबाइलमध्ये फोन आपोआप रेकॉर्ड होतात. नवरा जाऊन वर्ष झालेल्या, महिनाअखेरची धास्ती घेतलेल्या बाईला ‘कोणाला विचारलंय का’ म्हणून विचारल्याचं रेकॉर्डिंग घेणाऱ्याच्याच फोनमध्ये पडून असू शकतं. उद्या वाद कोर्टात गेला तर ते कोणाच्या बाजूने बोलेल?

दुसरा युक्तिवाद: विकणारेही काही साधे नसतात. हे मी सर्वांआधी मान्य करीन. एकाच जमिनीचा विसार दोघातिघांकडून घेतलेला मी पाहिला आहे. बहिणींची नावं सातबारावर असून ‘त्यांचा काही संबंध नाही’ असं ठामपणे सांगणारे भाऊ तर गावोगाव आहेत. बंदराच्या बातमीनंतर रस्ता नसलेल्या खाचराला हायवेच्या जमिनीचा भाव सांगणारेही आहेत. पण यावर उपाय काय? नड विचारून यातलं काहीही कळत नाही. खोटं बोलणारा नडही खोटीच सांगतो. कळतं ते नावं विचारल्याने, ताबा कोणाकडे ते विचारल्याने, बाकीच्या हिस्सेदारांना एकत्र बोलावल्याने. विकणाऱ्याच्या लबाडीपासून घेणाऱ्याला वाचवणारे प्रश्न आणि विकणाऱ्याला न्याय देणारे प्रश्न एकच आहेत, हे या शिकवणीत कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

बहिणींबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण सफाळ्याच्या व्यवहारांत सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो आणि सगळ्यात जास्त दावेही तिथूनच निघतात. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केलं. देशभर, सगळ्याच मुलींसाठी ते ९ सप्टेंबर २००५ ला झालं. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे, २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. त्याखेरीज हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ आहे. वारशाने एकत्र मिळालेल्या मिळकतीतला आपला हिस्सा एका वारसाला विकायचा असेल, तर वर्ग एकच्या बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि शेतजमिनीलाही हे लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे बोईसरला दिलेली बहीण, दहिसरला दिलेली बहीण या व्यवहारातल्या पहिल्या हक्काच्या गिऱ्हाईक आहेत. ‘कोणालाच सांगितलं नाही’ हे वाक्य ऐकून घेणाऱ्याने हरखून जायचं नाही. त्याने तिथल्या तिथे म्हणायचं, आधी सांगा, मग मला फोन करा.

तिसरा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो उपकाराच्या भाषेत येतो. अडलेल्याला आम्ही चटकन पैसे देतो, बँक देत नाही, नातेवाईक देत नाहीत. खरोखर चटकन खरेदीखत करून पूर्ण पैसे देणारा घेणारा असेल तर त्याचे उपकार मानावेत. पण शिकवलं जातं ते हे नाही. शिकवलं जातं ते असं: थोडका विसार द्या, स्टॅम्पपेपरवर करारनामा करून नोटरी करा, सहा महिन्यांची मुदत घ्या, शक्य झालं तर कुलमुखत्यारपत्रही घ्या, आणि त्या मुदतीत वरचा गिऱ्हाईक शोधा. मिळाला तर मधला फरक तुमचा, नाही मिळाला तर मुदत वाढवून घ्या. या सहा महिन्यांत विकणाऱ्याच्या हातात काय पडतं? एखादा हप्ता भरता येईल एवढी रक्कम. त्याची जमीन मात्र अडकून पडते, दुसरा घेणारा आला तरी त्याला ती देता येत नाही. कायद्याने असल्या कराराने जमिनीत कसलाही हक्क निर्माण होत नाही, आणि ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्रावर होणाऱ्या विक्रीला विक्री मानायचं नाकारलं. पण गावातल्या माणसाला हे ठाऊक नसतं. आपण सही केली म्हणजे जमीन गेली, असं तो धरून चालतो.

ज्या जिल्ह्यात हे चाललंय त्याचा इतिहास तरी आठवावा. वारली आणि इतर आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे गेल्या त्या मुख्यतः पावसाळ्यातल्या खावटीपायी आणि लग्नाच्या कर्जापायी. ब्रिटिश सनदी अधिकारी सायमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात ही कर्जं आणि ही पिळवणूक सरकारदरबारी नोंदली गेली, आणि १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने तलासरी-डहाणूचे वारली उठले ते याच पिळवणुकीविरुद्ध. त्या सावकाराचीही पहिली चौकशी नडीचीच असे. त्या इतिहासातूनच महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा कुठल्याही वाटेने परवानगीशिवाय घेता येत नाही. पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, पण हे कलम क्षेत्रापुरतं नाही, माणसाला लागू आहे. तरी ‘कब्जा घेऊन ठेवू, नाव दुसऱ्या आदिवासीचं लावू’ असल्या योजना मला ऐकवल्या जातात. अशी माणसं माझ्याकडे आली तर मी त्यांचे कागद हातात घेत नाही.

एक प्रश्न घेणाऱ्याने स्वतःलाही विचारायचा आहे, आणि तो पाटी लावायच्या आधी. मी शेतकरी आहे का? कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पाट्या लावणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या नावावर महाराष्ट्रात एक गुंठा नसतो. गावाकडच्या काकांच्या नावाने घेऊ, असं म्हणून ते निघतात. फोन करणारी बाई मात्र समजते की समोरचा माणूस आपली जमीन आजच्या आज घेऊ शकतो. तिच्या अडचणीची खडान्‌खडा माहिती काढणाऱ्याने स्वतःबद्दलची एवढी एक गोष्ट तिला सांगायला काय हरकत आहे?

वेळेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. दिवसभर हापिसात असणाऱ्याला दर फोन उचलता येत नाही. पण त्यावर ‘फोन दुसऱ्याकडून उचलून घ्या आणि गाळून घ्या’ हा इलाज नाही. पगारावर ठेवलेल्या मुलाला गाव, गट, हिस्सा यातलं काही कळत नाही, मग तो कागदावर छापून दिलेले नडीचे प्रश्नच विचारत सुटतो. त्याऐवजी पाटीवर नाव लिहा आणि वेळ लिहा: रात्री आठनंतर, रविवारी सकाळी. जमीन विकायला निघालेला माणूस आठ वाजेपर्यंत थांबतो. जो थांबू शकत नाही त्याच्याशी तर घाईने बोलूच नये. आणि गाडीत फोन घेऊ नका. संध्याकाळच्या डहाणू लोकलमध्ये विरार सुटलं की अर्ध्या डब्याची एकमेकांशी ओळख असते. ‘म्हणजे तीन हप्ते थकलेत का मावशी?’ असं एखादा मोठ्याने विचारतो, आणि समोरच्या बाकावर त्याच गावचा माणूस बसलेला असतो. वैतरणा पुलावर आवाज तुटतो म्हणून तो आकडा पुन्हा, आणखी मोठ्याने विचारला जातो. रात्री ती गोष्ट बाईंच्या दिराच्या घरी पोचते.

मग पहिल्या फोनवर बोलायचं काय? गाव कोणतं, गट नंबर काय, सातबारावर कोणाकोणाची नावं आहेत, त्यातलं कोण वारलंय आणि वारस नोंद झाली का, कसतं कोण, वाट कुठून आहे. मग आपलं सांगायचं: मी अमुक, शेतकरी आहे किंवा नाही, स्वतःसाठी घेतोय की पुढे विकायला, सगळे कागद मिळाल्यावर इतक्या दिवसांत हो की नाही ते कळवीन. रेडी रेकनरचा दर सांगायचा. तो सरकारी आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शेजारच्या गटाचा अलीकडचा व्यवहार नोंदणी कार्यालयाच्या सूची दोनमध्ये बघता येतो हेही सांगायचं. नडीचं बोलायचं की नाही हे विकणाऱ्यावर सोडायचं. त्याने आपण होऊन सांगितली आणि ती थोड्या पैशांची निघाली, तर जमीन विकण्याआधी बँकेत जाऊन हप्ते लांबवून मागा, एवढं सांगण्याइतकी माणुसकी धंद्यात असायला हरकत नसावी. रिक्षाच्या थकलेल्या हप्त्यांपायी त्या एकरातला हिस्सा जायचं कारण नव्हतं.

यावर मला शेवटी ऐकवलं जातं की असं वागलं तर जमिनी हातच्या जातील. काही जातील. घाबरलेल्याकडून, एकट्याकडून, वारसांच्या पाठीमागे मिळणाऱ्या जमिनी जातील, आणि त्यांच्याबरोबर दिवाणी कोर्टातल्या तारखा आणि तहसीलदारांकडच्या हरकतीही जातील. उरतील ते फोन उशिरा येतात, पण येतात. बहिणींच्या सह्या हव्यात असं जो पहिल्याच बोलण्यात सांगतो, त्याला सफाळ्यातून फोन येतात ते दिवाळीत, भाऊबीजेला सगळ्या जणी माहेरी आलेल्या असताना. आणि तेव्हा बोलायला घरातला एक जण नसतो, सगळं घर असतं.